जांभ्यातल्या विहिरीची पातळी कशी मोजावी

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, कितीतरी विहिरी तळ गाठतात. जांभा हा सच्छिद्र लाल दगड पाणी झटकन पोटात घेतो आणि उतारावरच्या झऱ्यांवाटे सोडूनही देतो. म्हणून नुसती उन्हाळ्यातली नोंद पुरत नाही. बारा महिने, दर पंधरवड्याला मोजा; जूनमध्ये दर आठवड्याला.

कठड्यावर ऑइलपेंटने बाण काढा आणि कायम तिथूनच मोजा. बाणाची जमिनीपासूनची उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. टेप पोलादी घ्या, काथ्याच्या दोराची लांबी ओल आणि ताणाने बदलते. टेपच्या टोकाला वजन बांधा, शेवटच्या मीटरभर पट्टीवर खडू घासा. टोक पाण्यात बुडेल इतकी टेप सोडून 9 मीटरचा आकडा बाणाशी धरा, मग वर ओढा. खडूचा पांढरा रंग जिथे गडद होतो तो आकडा वाचा. तो 0.37 असेल तर पाणी बाणाखाली 8.63 मीटरवर आहे. कठडा 0.75 मीटर उंच असेल तर जमिनीखाली 7.88. लगेच पुन्हा मोजा. सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर टेप ओल्या भिंतीला घासली असणार.

सगळ्यात जास्त नोंदी पंपामुळे बिघडतात. उपसा थांबला तरी पाणी सावकाश वर येतं, म्हणून पहाटे, पंप लावायच्या आधी मोजा. शेजारच्या विहिरीचा पंप चालू असेल तर तेही लिहा.

मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत पातळी 4 मीटर चढली, तर जांभ्यातून निचरून मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण 2.5 टक्के धरून 100 मिलिमीटर पाण्याइतकी भर साठ्यात पडली.

किनाऱ्यालगत आणि खाजनाकाठी, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांलगत, खारेपणाही तपासायलाच हवा. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी 1 मीटर असेल तर खाली सुमारे 40 मीटर गोडं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे वर 10 सेंटीमीटर घट झाली तर खारं पाणी कालांतराने 4 मीटर वर सरकू शकतं. ते जड असल्याने तळाशी राहतं, त्यामुळे वरच्या कळशीतलं पाणी गोड लागून फसवतं. वजन बांधलेली बाटली बूच लावून तळापर्यंत सोडा, तिथे दोरीने बूच ओढा. खारेपणाबरोबर पाण्याची विद्युतवाहकता वाढते; ती मोजायचं मीटर आधी 1413 मायक्रोसीमेन्सच्या द्रावणात तपासून घ्या. भरती-ओहोटीची वेळ नोंदवा. तळाची वाहकता चढतच राहिली तर पंपाचे तास कमी करा. विहीर आणखी खोल खणू नका, त्याने खारं पाणीच जवळ येतं.