पोळी-भात कमी केल्यावरही पोट नियमित साफ कसं ठेवावं

पोळी, भाकरी, भात कमी केला की पहिल्या पंधरवड्यात एक तक्रार हमखास येते. वजन उतरतंय, शुगर खाली येतेय, पण पोट साफ होत नाही. मग सल्ले सुरू होतात. कोणी रात्री गरम दुधात तूप घ्यायला सांगतं, कोणी पिकलेलं केळं, कोणी चूर्णाचा डबा हातात ठेवतं. कोणी तर सरळ म्हणतं, हा आहार आपल्याला मानवत नाही, सोडून दे. मी बरीच वर्षं असं जेवते आहे, घरातल्या आणि सोसायटीतल्या कितीतरी जणांना यातून बाहेर पडायला मदत केली आहे. असे सल्ले ऐकले की मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्यापायी माणसं स्वतःच्या फायद्याचा आहार अर्ध्यावर टाकतात, नाहीतर चूर्णाच्या सवयीला लागतात.

मी डॉक्टर नाही, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर कार्ब्स (पोळी-भातातले पिष्टमय पदार्थ आणि साखर) कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, शुगर एकदम घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय हा आहार सुरूच करू नका.

बिघडतं ते कशामुळे

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली म्हणजे चोथा जातो. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम फायबर असतं, गव्हाच्या कणकेत ११. दोन भाकऱ्या ताटातून गेल्या की दहा-बारा ग्रॅम फायबर गेलं, आणि त्यांच्या जागी आलेल्या अंडी, चिकन, पनीर, सुरमई यांत फायबर शून्य. दिवसाची गरज २५ ते ३० ग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे जवळजवळ निम्मा साठा एका फटक्यात गेला.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब्स कमी केले की हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. त्यातच इन्सुलिन कमी झाल्यामुळे मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरल्याचा जो आनंद होतो, त्यात मोठा वाटा या पाण्याचा असतो. अंगात पाणी कमी पडलं की मोठं आतडं मलातलं पाणी ओढून घेतं आणि खडे होतात. म्हणून आधी पाणी, मग चोथा. हा क्रम उलटा केलात तर पुढचं सगळं वाया जातं.

खरंच बद्धकोष्ठ आहे का ते बघा

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या टप्प्यातलं काहीही निरोगी माणसाला चालतं. आहार बदलला की मलाचं प्रमाण कमी होतं, त्यामुळे रोजच्याऐवजी दिवसाआड जावं लागलं तर तो आजार नव्हे. दिवस मोजू नका, मल कसा होतो ते बघा. १९९७ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मलाचे सात प्रकार दाखवणारा तक्ता प्रसिद्ध केला. पहिला प्रकार सुट्या टणक खड्यांचा, दुसरा गाठी-गाठींचा, तिसरा-चौथा नीट आणि मऊ, त्यापुढचे पातळ होत जाणारे. तिसऱ्या-चौथ्यात असाल, कुंथावं लागत नसेल आणि नंतर मोकळं वाटत असेल, तर दोन दिवसांनी गेलात तरी काहीही बिघडलेलं नाही.

पाणी आणि मीठ

आमच्या ठाण्याच्या दमट हवेत अडीच ते तीन लिटर धरा. एप्रिल-मेमध्ये जास्त. दुपारी मीठ घातलेलं मोठा पेलाभर ताक आणि संध्याकाळी भाज्यांचं किंवा चिकनचं खारं सूप घेतलं की मीठही भरून येतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मीठ आणि पाणी दोन्हींचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

इथे बायकांना मला कळकळीनं सांगायचं आहे. ठाण्याहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्या कितीतरी जणी सकाळी पाणी पीतच नाहीत, कारण वाटेत लघवीला जाण्याची सोय नाही. ही अडचण खरी आहे. तरी असं कमी कार्ब्सचं जेवत असाल तर असं चालणार नाही. उठल्या उठल्या दोन पेले प्या, म्हणजे निघायच्या आत लघवीला जाऊन येता. ऑफिसात पोचल्यावर अर्ध्या तासात अर्धा लिटर, आणि बाकीचं पाणी दुपारी चारपर्यंत संपवा.

भाज्या

दिवसाला अर्धा किलो, निवडून चिरलेली, शिजवायच्या आधी वजन केलेली. वाटीभर भाजीनं काही होत नाही. भेंडी, गवार, वांगं, मेथी यांत शंभर ग्रॅमला ४ ते ५ ग्रॅम फायबर असतं, शेवग्याच्या शेंगेत त्याहून जास्त, दुधी आणि काकडीत मात्र दोनच. म्हणजे रोज दुधी आणि काकडीवर राहणाऱ्याला अर्धा किलो खाऊनही दहा ग्रॅमच मिळतात. ठाण्यात गावदेवी किंवा जांभळी नाक्याच्या बाजारात पालेभाज्यांची कमतरता नाही. पावसाळ्यात येऊरच्या डोंगराकडच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या घेऊन बसतात, त्या जरूर घ्या. (शेवळं ही रानभाजी घेतलीत तर काकडं नावाची आंबट फळं घालूनच करा, नाहीतर घसा खवखवेल.) फळांत केळ्याऐवजी अर्धा पेरू घ्या, बियांसकट. तेवढ्याच वजनाच्या केळ्याच्या दुपटीहून जास्त चोथा असतो त्यात.

इसबगोल: इथेच सगळे अडकतात

मीसुद्धा सगळ्यात जास्त इथेच झगडले, म्हणून हे सावकाश वाचा.

इसबगोल म्हणजे प्लँटॅगो ओव्हाटा या रोपाच्या बियांवरचं टरफल. गुजरात-राजस्थानात पिकतं आणि उंझ्याच्या बाजारातून जगभर जातं. ते पाणी धरून फुगतं आणि त्याचा बुळबुळीत गर होतो. आतड्यातले जंतू त्याला फारसं मोडत नाहीत, त्यामुळे ते पाणी शेवटपर्यंत धरून ठेवतं आणि मल मऊ राहतो. त्यातून मिळणारे कार्ब्स नगण्य, म्हणून या आहाराला याच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही. पण त्याचं सगळं काम पाण्यावर चालतं. पाणी कमी पडलं तर तेच इसबगोल आतड्यात घट्ट गोळा होऊन बसतं आणि ज्यासाठी घेतलं तो त्रास दुप्पट होतो.

पहिला नियम. पोट आधीच चार-पाच दिवस अडकलेलं असेल, खाली खडा तटलेला जाणवत असेल, तर इसबगोल घेऊ नका. बंद दारामागे आणखी गर्दी करू नये. आधी ते मोकळं करा. केमिस्टकडे ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची वडी) मिळते, किंवा डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज वा पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मल मऊ करणारं औषध घ्या. मोकळं झाल्यावर पाणी आणि भाज्या आठवडाभर नीट जाऊ देत. इसबगोल त्यानंतर.

दुसरा नियम, सुरुवात अर्ध्या चहाच्या चमच्यानं. डब्यावर दोन चमचे लिहिलेलं असेल, शेजारीण तीन घेत असेल, तरी तुम्ही अर्धाच घ्या. पहिल्याच रात्री दोन मोठे चमचे घेऊन पोट ढोलासारखं फुगलं, की माणूस इसबगोलला कायमचा रामराम ठोकतो. चार-पाच दिवसांनी अर्धा चमचा वाढवा, पुन्हा चार-पाच दिवस थांबा. गॅस वाढला तर आधीच्या मापावर परत या आणि आठवडा जाऊ द्या. बहुतेकांना दीड ते दोन चहाचे चमचे पुरतात. त्यापुढे जायची गरज वाटली तर चूक पाण्यात किंवा भाजीत आहे, तिथे परत जाऊन बघा.

घ्यायचं कसं, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. मोठ्या पेल्यात २५० मिलिलिटर तरी पाणी घ्या, इसबगोल टाका, दोनदा ढवळा आणि गर व्हायच्या आत पिऊन टाका. लगेच दुसरा पेला साध्या पाण्याचा. कोरडं तोंडात टाकून वर घोट घेणं धोक्याचं आहे, ते घशात फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास होत असेल, किंवा आतड्यात अडथळा येऊन कधी उपचार घ्यावे लागले असतील, तर इसबगोल तुमच्यासाठी नाही. वयस्कर आई-वडिलांना देताना समोर उभं राहून दोन्ही पेले संपवून घ्या.

झोपायच्या तोंडावर घेण्याचा सल्ला मला पटत नाही. अंथरुणाला पाठ टेकायच्या वेळी कोणी दोन पेले पाणी पीत नाही, लघवीला उठावं लागेल म्हणून चमचाभर इसबगोल अर्ध्या पेल्यात उरकलं जातं. रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या. जेवणात पातळ काही असतं, नंतरही दोन तास जागे असता, पाणी आपोआप जातं.

गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, कारण तो गर औषध शोषू देत नाही. थायरॉइडची गोळी सकाळी घेत असाल तर सकाळी इसबगोल नकोच. संत्र्याच्या चवीची पाकिटं घेताना मागचा तक्ता वाचा, पुष्कळांत साखर असते. साधं टरफल घ्या.

आणि हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही: बदामाच्या पिठाची 'कीटो' (म्हणजे अगदी कमी कार्ब्सची) भाकरी किंवा पाव. त्याला चिकटपणा यावा म्हणून इसबगोलच घातलेलं असतं, कधी एका भाकरीत चमचाभर. दोन भाकऱ्या खाल्ल्या म्हणजे दोन चमचे पोटात गेले, तेही पेल्यांच्या पाण्याशिवाय. वर रात्री पुन्हा इसबगोल. असं जेवणाऱ्याचं पोट तटलं तर नवल नाही. त्या दिवशी रात्रीचं इसबगोल सोडा आणि त्या जेवणासोबत दोन पेले पाणी प्या.

इसबगोल अजिबात सोसत नसेल तर जवस. भाजून कुटलेलीच हवी, अख्खी तशीच बाहेर पडते. शंभर ग्रॅम जवसात २७ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं आणि बाकी कार्ब्स अगदी थोडे. जवसाची चटणी दोन्ही जेवणांत मोठा चमचाभर घ्या, भाजीवर भुरभुरली तरी चालते.

सकाळची वेळ

सकाळी उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. सोळा तासांचा उपवास म्हणून नाश्ता सोडणारे ही संधी घालवतात. कोमट पाणी आणि बिनसाखरेची कॉफी तरी घ्या आणि गाडीच्या वेळेआधी पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. कळ आली की जा, ऑफिसपर्यंत दाबून ठेवू नका. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या, उकिडवं बसल्यासारखा कोन मिळतो आणि कुंथावं लागत नाही. तलावपाळी किंवा उपवनसारख्या तलावाकाठी अर्धा तास चाला.

काय कमी करायचं

पनीर आणि चीज. दोन्ही वेळा पनीर खाणाऱ्यांना मी आधी तेच अर्ध्यावर आणायला लावते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही मल घट्ट होतो, डॉक्टरांशी बोलून गोळी बदलता येते. साखरेऐवजी माल्टिटॉल घातलेली शुगर-फ्री चॉकलेटं पोट साफ होण्यासाठी खाऊ नका, गॅस आणि जुलाब होतात. तूप दोन्ही जेवणांत चमचा-चमचा असू द्या, पण चोथा आणि पाणी नसेल तर नुसत्या तुपानं काही सुटत नाही.

चूर्णांबद्दल माझं मत पक्कं आहे. बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चेतवून हालचाल करवते. कधीतरी एखाद्या रात्री ठीक, पण रोज रात्री महिनोन्‌महिने घ्यायची ती वस्तू नाही. डब्यावरचे घटक वाचा.

मलातून रक्त गेलं, मल डांबरासारखा काळा झाला, पोट दुखून उलट्या होऊ लागल्या आणि वारासुद्धा सरेना, किंवा पंचेचाळिशीनंतर काही कारण नसताना सवय एकदम बदलली, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाकीच्यांनी हे सगळं तीन-चार आठवडे नेटानं करावं. तरीही मलाच्या तक्त्यातल्या पहिल्या-दुसऱ्या प्रकारातच असाल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण ती ग्रंथी मंदावली की पोटही मंदावतं. रिपोर्ट ठीक आला तर दुपारच्या जेवणात अर्धी ज्वारीची भाकरी परत आणा. साधारण २० ग्रॅम कार्ब्स वाढतील, तेवढे दुसरीकडून कमी करा.