अवेट लावलं आणि पेज गोठलं

सोलापुरात बीसीएस करून पुण्यात नोकरीला लागले, त्याला चार महिने झाले होते. काम साधं वाटलं होतं. क्लायंट सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) अपलोड करणार, आपण ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने एकेक ओळ तपासायची (मोबाइल नंबर दहा आकडी आहे का, नाव दोनदा आलंय का), आणि वर प्रोग्रेस बार सरकत राहायला हवा. माझ्या वीस ओळींच्या टेस्ट फाइलवर सगळं झकास चाललं. क्लायंटने ४०,००० ओळींची फाइल टाकली आणि पेज नऊ-दहा सेकंद मेल्यासारखं झालं. बार शून्यावर. बटण दाबलं तर दाबलं जाईना. मग एकदम शंभर टक्के.

सीनियरला विचारलं. त्यांनी मान वरही न करता सांगितलं, "अगं, अवेट लाव, होऊन जाईल." अवेट म्हणजे 'उत्तर येईपर्यंत इथे थांब' असं जावास्क्रिप्टला सांगणारा शब्द. लावलं. तसंच गोठलं. परत गेले, तर म्हणाले, "मग प्रॉमिसमध्ये गुंडाळ, बॅकग्राउंडला जाईल." प्रॉमिस म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारी वस्तू. गुंडाळलं. तरीही तेच. दोन दिवस मी लूपमध्ये दिसेल तिथे अवेट चिकटवत होते आणि आपल्याला हे जमणारच नाही असं मनाशी ठरवत होते. तुम्ही आत्ता याच जागी असाल तर घाबरू नका. हे न समजणं म्हणजे डोकं नसणं नव्हे. शिकवतानाच आपल्याला अर्धं शिकवलेलं असतं.

कोणतं अर्धं? "असिंक (लगेच नाही, नंतर पूर्ण होणारं काम) म्हणजे बाजूला चालतं" हे. इव्हेंट लूपची (ब्राउझर कोणतं काम कधी हातात घेतो त्या चक्राची) ती चौकोनांची आकृती तुम्ही पाहिली असेलच. 'आधी एक, मग चार, मग प्रॉमिसवाला तीन, शेवटी सेटटाइमआउटवाला (म्हणजे टायमरवाला) दोन' हा कोडच्या ओळींचा क्रम विचारणारा इंटरव्ह्यूतला लाडका प्रश्नही पाठ असेल. मलाही पाठ होता. उत्तर बरोबर देऊनच मी नोकरीला लागले आणि तरी अडकले, कारण क्रम पाठ होता, त्याचा परिणाम माहीत नव्हता.

किराणा दुकानात गल्ल्यावर एकटाच दुकानदार आहे असं धरा. रांग लागलीय. पुढच्या काकांचं सामान बांधून झालं, पैसेही दिले, आणि ते म्हणतात, "आणि हो, पाव किलो रवा." दुकानदार त्यांना रांगेच्या शेवटी पाठवत नाही, रवा देऊन टाकतो. मग "आणि हो, थोडं जिरं." मग "आणि हो…" काका हलेपर्यंत मागचं कुणीही पुढे सरकत नाही.

रांगेतलं एकेक गिऱ्हाईक म्हणजे टास्क: क्लिक, टायमर, नेटवर्कवरून आलेलं उत्तर. काकांचं "आणि हो" म्हणजे मायक्रोटास्क. प्रॉमिसचं देन (ते पूर्ण झाल्यावर चालणारा कोड) आणि अवेटच्या पुढचा कोड यातच येतो. नियम असा की हातातलं काम संपलं की मायक्रोटास्कची यादी पूर्ण रिकामी होईपर्यंत पुढच्या टास्कला हात लागत नाही. रिकामी करताना नवे मायक्रोटास्क आले तर तेही त्याच फेरीत. आणि स्क्रीन पेंट करणारा ब्राउझर? तो बिचारा काकांच्या मागे पिशवी घेऊन उभा असतो.

माझ्या लूपमध्ये नेमकं हेच होत होतं. ओळ तपासणाऱ्या फंक्शनला असिंक लिहिलं होतं, पण आत वाट बघण्यासारखं काहीच नव्हतं. नेटवर्क नाही, टायमर नाही, नुसती तुलना. म्हणजे प्रॉमिस जागच्या जागी पूर्ण होत होतं. अवेट थांबत होतं, नाही असं नाही, पण पुढचा कोड मायक्रोटास्क म्हणून लगेच परत येत होता. ४०,००० वेळा "आणि हो". पेंटला एकदाही जागा नाही.

तेच अवेट तुम्ही फेचवर (नेटवर्कवरून माहिती मागवणाऱ्या फंक्शनवर) लावलंत तर पेज छान जिवंत राहतं, कारण उत्तर खरोखर बाहेरून, स्वतंत्र टास्क म्हणून येतं. तोवर गल्ला मोकळा असतो. म्हणून अवेट लिहिताना स्वतःला विचारा: हे प्रॉमिस पूर्ण कोण करणार आहे? बाहेरचं कुणी, की माझाच कोड? माझाच असेल तर ते अवेट पेंटला जागा देत नाही. आणि प्रॉमिसमध्ये गुंडाळणं तर त्याहून फसवं. न्यू प्रॉमिसला दिलेलं फंक्शन तिथल्या तिथे, त्याच थ्रेडवर (म्हणजे त्याच एकट्या दुकानदाराकडे), लगेच चालतं. बॅकग्राउंड वगैरे काही नाही.

इथे एक स्पष्ट बोलते. "हे लाव, होऊन जाईल" म्हणणारा सीनियर मदत करत नसतो, तुम्हाला टेबलावरून उठवत असतो. त्याच्याकडे जायच्या आधी ब्राउझरच्या डेव्हटूल्समधला परफॉर्मन्स टॅब उघडा आणि एकदा रेकॉर्ड करा. ५० मिलिसेकंदांच्या पुढे गेलेलं काम क्रोम लाँग टास्क म्हणून लाल खुणेने दाखवतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नऊ सेकंदांचा एकच सलग पट्टा होता. दोन दिवसांचं रडगाणं त्या एका पट्ट्याने संपलं. तिसऱ्या दिवशी का होईना, माझं मीच शोधलं, याचा आनंद अजून आहे.

उपाय केला तो असा: दर ५०० ओळींनंतर, सेटटाइमआउट शून्यने (शून्य मिलिसेकंदांच्या टायमरने) पूर्ण होणाऱ्या प्रॉमिसवर अवेट. आता पुढचा तुकडा नवा टास्क म्हणून रांगेत मागे जातो, मध्ये ब्राउझर पेंट करून घेतो. बार सरकला! पण शॉर्टकट म्हणून हे प्रत्येक ओळीला लावू नका. टायमरमधून टायमर असं पाच पातळ्यांच्या पुढे गेलं की ब्राउझर शून्याचे किमान ४ मिलिसेकंद करतो. ४०,००० गुणिले ४ म्हणजे १६० सेकंद, नुसतं थांबण्यात. ५०० च्या तुकड्यांनी फेऱ्या ८०, थांबणं सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ओळी मोजण्यापेक्षा वेळ मोजून, साधारण ४० मिलिसेकंद काम झालं की जागा सोडणं जास्त बरं. क्रोममध्ये १२९ व्या आवृत्तीपासून याचसाठी शेड्युलर यील्ड आलंय, पण ते सगळीकडे असेल असं धरून चालू नका.

फॉरईचमध्ये (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणाऱ्या सोयीत) असिंक फंक्शन टाकलं तर ते कुणासाठी थांबत नाही, एवढं जाता जाता. आणि नोडवर (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या प्रणालीवर) जाल तेव्हा प्रोसेस नेक्स्टटिक हे सहसा प्रॉमिसच्याही आधी घुसतं आणि सेटइमिजिएट नंतर येतं. नावं उलटसुलट आहेत हे नोडच्या कागदपत्रांतच कबूल केलंय, त्यामुळे गोंधळलात तर दोष तुमचा नाही.

माझा बार सरकला आणि आठवड्याने क्लायंटचा फोन आला: "अपलोड लावून दुसऱ्या टॅबवर मेल बघत होतो. मिनिटभराने आलो तरी पूर्ण झालेलं नव्हतं." मागे पडलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर सेकंदाला एकदा इतके मंद करतो. ८० फेऱ्या, ८० सेकंद. पोटात गोळा आला, पण यावेळी कारण मला पाच मिनिटांत कळलं.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. अख्खी तपासणी वेब वर्करमध्ये हलवली. तिथला थ्रेडच वेगळा, त्यामुळे पेजच्या गल्ल्याशी त्याचा संबंध नाही. साधा फॉर लूप, दर ५०० ओळींना एक पोस्टमेसेज (पेजला निरोप), आणि त्या फाइलमध्ये अवेट एकही नाही.