पेनीच्या बरणीत खरी 'डबल डाय' कशी ओळखावी

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, पाडली गेली. तेव्हापासून अमेरिकेतल्या ओळखीच्या घरांतून मला सतत फोटो येताहेत. बरणी उपडी केली, हे नाणं सापडलं, किती मिळतील? बहुतेकांना मी 'एक सेंट' असंच सांगतो. तरी बरणी नीट निवडायला हवी, कारण चांगली नाणी, म्हणजे दुर्मीळ सालांची आणि 'डबल डाय' (साच्यातच अक्षरं दुहेरी उठलेली), अजूनही अशा बरण्यांतच निघतात.

आधी मागची बाजू बघून ढीग करा. गव्हाच्या दोन ओंब्या असतील तर नाणं १९०९ ते १९५८ मधलं, लिंकन स्मारक असेल तर १९५९ ते २००८ मधलं. २००९ चे चार वेगळे देखावे आहेत आणि २०१० पासून ढाल आहे. ओंबीवाली सगळी नाणी ठेवून द्या. सालाखालचं अक्षर बघा: 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'डी' म्हणजे डेन्व्हर, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. १९०९-एस, मागे तळाशी 'व्हीडीबी' ही नाण्याचा शिल्पकार ब्रेनर याची आद्याक्षरं असलेलं, फक्त ४,८४,००० पाडलं गेलं. १९१४-डी आणि १९३१-एस हीसुद्धा दुर्मीळ.

१९४३ च्या पेन्या पोलादाच्या होत्या, म्हणून त्या सालाचं नाणं तांबूस दिसलं तर चुंबक लावा. चिकटलं तर ते पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेलं आहे, विषय संपला. १९८२ चं वजन करा: ३.११ ग्रॅम भरलं तर तांब्याचं, २.५ भरलं तर जस्ताचं.

आणि नाणी धुवू नका. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. घरातली तांब्याची भांडी घासायची सवय इथे नडते. घासलेल्या नाण्याची चमक जाणकाराला लगेच कळते आणि किंमत तिथेच पडते.

आता खरी अडचण. अक्षरं दुहेरी दिसली की लोक 'डबल डाय' म्हणून नाचायला लागतात. मीही सुरुवातीला तसाच फसलो. एका विक्रेत्याकडून १९६९-एसचं 'डबल डाय' म्हणून नाणं घेतलं आणि पावणेदोनशे डॉलर मोजले. खऱ्या नाण्याला हजारो डॉलर पडतात, तेव्हा किंमत ऐकूनच शंका यायला हवी होती. घरी दहापट भिंगाखाली धरलं तर सालाचे आकडे दुहेरी होतेच, पण खालच्या 'एस'लाही तशीच चपटी पायरी होती. त्या 'एस'नेच सगळं सांगितलं.

कारण समजून घ्या. त्या काळी साचा करताना मूळ ठसा पोलादावर एकाहून जास्त वेळा दाबत. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरला की साच्यातच अक्षरं दुहेरी उठत आणि त्या साच्यातून पडणारं प्रत्येक नाणं तसंच निघे. टांकसाळीचं अक्षर मात्र १९८९ पर्यंत प्रत्येक साच्यात नंतर, हाताने ठोकत. म्हणून खऱ्या १९६९-एसमध्ये साल आणि डावीकडची 'लिबर्टी' ही अक्षरं दुहेरी असतात, पण 'एस' एकेरीच असतो. माझ्या नाण्यात साचा सैल होता. ठोका बसल्यावर तो हलला आणि वर आलेला धातू घसटला. याला 'मशीन डबलिंग' म्हणतात आणि त्याला जास्तीचा एक पैसाही मिळत नाही.

दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवत बघा. खऱ्या दुहेरीपणात दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार असतात, टोकांशी खाच दिसते आणि अक्षर एकूण जाड झालेलं असतं. खोट्यात दुसरी आकृती सपाट, चकचकीत पायरीसारखी असते आणि मूळ अक्षर तिथे कापल्यासारखं बारीक होतं. जाड की बारीक, एवढं पक्कं ठरवा. मला हे नजरेत बसायला वर्ष लागलं. फोनच्या फोटोवरून ते ठरत नाही, प्रकाशाचा कोन बदलला की पायरीसुद्धा अक्षरासारखी भासते.

१९५५ मध्ये आणखी एक फसगत आहे. खऱ्या डबल डायमध्ये साल, 'लिबर्टी' आणि वरचं 'इन गॉड वी ट्रस्ट' हे बोधवाक्य नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतं, आणि वापरलेल्या नाण्यालाही हजाराहून जास्त डॉलर येतात. फक्त शेवटचा ५ दुहेरी असेल तर तो झिजलेल्या साच्याचा परिणाम, त्यावर पैसे घालवू नका. १९८२ नंतरच्या जस्ताच्या पेन्यांत मुलामा फाटूनही अक्षरांना कडा येतात, त्याही बाजूला सारा. अपवाद १९९५ चा: 'लिबर्टी' आणि 'इन गॉड' स्वच्छ दुहेरी असलेली नाणी अजून सुट्ट्या पैशांत सापडतात, कोरी असतील तर वीस-तीस डॉलर येतात.

सापडलेलं नाणं कडेने धरा आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवा, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिने तांब्यावर हिरवा थर चढतो. प्रमाणित करायला पाठवायचं तर आधी शुल्क आणि टपालखर्च मिळून किती होतात ते बघा. १९९५ च्या नाण्याला तो खर्च परवडत नाही, १९५५ च्या खऱ्याला परवडतो.