एसएसडी घेण्याआधी बोर्ड पाहा : गेमिंग पीसीवाल्यांनो, या चुका टाळा

आमच्या वरुडकडे आंबियाच्या संत्र्याचा सौदा झाला की दुकानात सीपीयू यायला लागतात. असाच एक पोट्टा मोटरसायकलवर कॅबिनेट मांडीवर धरून आला. "भाऊ, डब्यावर सात हजाराचा स्पीड लिहून आहे ना, मंग गेम काहून अटकते?"

एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लावायची वेगवान डिस्क) जेन फोरची, म्हणजे पीसीआयई ४.० ची, प्रोसेसर रायझन ५ ५५००. पीसीआयई म्हणजे एसएसडी नि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता; हा प्रोसेसर त्याच्या ३.० आवृत्तीच्या पुढे जातच नाही. म्हणजे सेकंदाला सात हजार एमबीवाली एसएसडी साडेतीन हजारांच्या आसपास येऊन थांबते, वरचे पैसे पाण्यात. त्यात गेम अडकत होता जुन्या ग्राफिक्स कार्डामुळे. एसएसडीनं लोडिंग पटकन होतं, मोठ्या नकाशाच्या गेममध्ये गाडी पळवताना बसणारे झटके कमी होतात; एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, मात्र वाढत नाहीत. हार्ड डिस्क काढून साधी साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी लावली तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साटावरून एनव्हीएमईवर (पीसीआयईवरून चालणाऱ्या एसएसडीवर) गेलात तर बऱ्याच गेममध्ये तो घड्याळ लावून शोधावा लागतो.

खेड्यापाड्यात अजून ऑफिसातून निघालेले तिसऱ्या पिढीच्या आय५ चे सेट भरपूर आहेत, बहुतेक एच६१ मदरबोर्डाचे. त्यांना एम.२ चा (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवायचा) स्लॉट नसतो, आणि साटाही जुना, ३ गिगाबिटचा. सेकंदाला ५५० एमबी स्पीडची एसएसडी तिथे अर्ध्यावरच चालते. तरी लावा, पण स्वस्तातली चांगली साटा लावा.

सगळ्यात जास्त घोळ एम.२ या नावाचा. एम.२ हा आकार आहे, स्पीड नव्हे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, बस. त्याच आकारात साटाही येते नि एनव्हीएमईही. चुकीची घेतली तर स्लॉटमध्ये बसते, पण बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं माल खराब निघाला. बी५६० बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर प्रोसेसरजवळचा एम.२ स्लॉट चालतच नाही. एसएसडी खालच्या स्लॉटमध्ये लावा. काही बोर्डांवर एम.२ भरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली तर आधी केबल दुसऱ्या पोर्टात घालून पाहा.

गावात शंभर जीबीचा गेम मोबाइल डेटावर कोण उतरवणार? मित्राच्या पोर्टेबल एसएसडीवरून फोल्डर कॉपी करायचा, मग स्टीमला (गेम विकत घ्यायच्या ॲपला) फाइली तपासायला लावायच्या. इथे क्यूएलसीवाली (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी, स्वस्त) एसएसडी उघडी पडते. सुरुवातीला कॉपी सुसाट, कॅशे (आतली वेगवान तात्पुरती जागा) भरला की बैलगाडी. डिस्क जितकी भरलेली, तितका कॅशे लवकर संपतो. म्हणून टीएलसी (सेलमध्ये तीनच बिट ठेवणारी) पाहून घ्या आणि पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. एक टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. फसवणूक असते ती मातीमोल भावातल्या 'दोन टीबी'त. तशी कोणी आणलीच तर एच२टेस्टडब्ल्यू हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून पाहा.

आता माझीच चूक सांगतो. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क काढायची आळस केला. विंडोज एसएसडीवर गेलं, बूटची फाइल मात्र हार्ड डिस्कवर. चार महिन्यांनी हार्ड डिस्क मेली आणि धडधाकट एसएसडी असून पीसी उठेना. तेव्हापासून विंडोज टाकताना दुसरी एकही डिस्क जोडलेली ठेवत नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर, टिनाची खोली, त्यात ग्राफिक्स कार्डाच्या खाली एम.२. तापली की एसएसडी आपणहून स्पीड कमी करते. हीटसिंक लावा, आणि त्याच्या थर्मल पॅडवरची पातळ प्लास्टिकची पट्टी आधी काढा. ती तशीच ठेवून लावलेले हीटसिंक मी किती उघडले असतील!

लाइट जाणं तर रोजचंच. लिहिणं चालू असताना करंट गेला तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. घरगुती एसएसडीत त्यासाठीचे (करंट गेल्यावर क्षणभर वीज पुरवणारे) कपॅसिटर सहसा नसतात. एनव्हीएमई असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 'अनसेफ शटडाउन्स'चा (नीट बंद न होता करंट गेल्याचा) आकडा बघा, बहुतेकांचे डोळे उघडतात. यूपीएस घ्याच, पण ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटच ओढतो. मोठ्या कार्डाचा गेम चालू असताना तोच आधी शिट्टी मारून बसेल.

आणि बोर्डाचा डबा रद्दीत देऊ नका. एम.२ चा बारका स्क्रू त्यातच असतो. मागे एकाला त्या एका स्क्रूपायी अमरावतीचा फेरा पडला.