न्यूरॉलॉजीत नव्याने येताय? आधी जागा, मग आजार

न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात नव्या रेसिडेंटला धास्ती असते ती एमआरआय वाचता येत नाही याची. ती सरावाने जाते. अवघड असतं ते त्याच्या आधीचं: स्कॅन नेमका कुठला करायचा?

दोन्ही पाय लुळे पडलेला रुग्ण येतो. पाय म्हणजे कंबर असा हिशेब करून कमरेचा एमआरआय सांगितला जातो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मोलाचा वेळ जातो. गुडघ्याचा रिफ्लेक्स जोरदार असेल, तळव्यावर ओरखडा काढल्यावर अंगठा वर वळत असेल, तर दोष मज्जारज्जूत किंवा मेंदूत आहे. आणि प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. म्हणजे स्कॅन छातीच्या भागाचा हवा, हातही कमजोर असतील तर मानेचा. बेंबीपासून खाली संवेदना गेली असेल तर ती मज्जारज्जूच्या दहाव्या थोरॅसिक (छातीच्या) सेगमेंटची पातळी. पण मज्जारज्जूवरचा दाब त्याच्या बराच वरही असू शकतो, म्हणून स्कॅन बेंबीच्या पातळीशी बांधून घेऊ नये. उलटीही फसगत होते. मज्जारज्जूला अचानक इजा झाली की सुरुवातीला रिफ्लेक्स गायबच असतात आणि नवखा त्याला जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे मज्जारज्जूबाहेरच्या नसांचा आजार) समजतो. लघवी पहिल्यापासूनच तुंबली असेल आणि धडावर संवेदनेची स्पष्ट रेषा मिळत असेल, तर आधी मज्जारज्जूच धरावा.

जागा ठरली की काळ विचारायचा. क्षणात आलेलं लक्षण बहुधा रक्तवाहिनीचं किंवा फिटचं, काही दिवसांत वाढलेलं जंतुसंसर्गाचं किंवा सुजेचं, महिनोन्‌महिने सरकत आलेलं गाठीचं, वर्षानुवर्षांचं झिजेचं. याला अपवाद पुष्कळ आहेत, पण सुरुवात इथूनच.

कंपनाची संवेदना तपासायला खिशात ट्यूनिंग फोर्क 128 हर्ट्झचा ठेवा. 512चा ऐकण्याच्या तपासणीसाठी असतो, त्याची कंपनं पायाच्या अंगठ्यावर टिकत नाहीत. रिफ्लेक्स तपासायचा हॅमर लांब दांड्याचा घ्या आणि तो मनगट सैल सोडून पडू द्या. ठोकला की रुग्ण आखडतो.

पक्षाघाताच्या रुग्णाच्या नातेवाइकांना ‘त्रास कधी सुरू झाला?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?’ हे विचारा. झोपेतून उठताना हात लुळा आढळला, तर घड्याळ झोपायच्या वेळेपासून धरायचं. गुठळी विरघळवण्याच्या औषधाची नेहमीची मुदत 4.5 तासांची. त्याआधी बोटातून साखर तपासा, कारण साखर उतरली तरी हुबेहूब पक्षाघात दिसतो. सीटीत रक्तस्राव नाही याची खात्री हवीच. अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा डोस किलोला 0.9 मिलिग्रॅम, कमाल 90. दहावा हिस्सा एका मिनिटात, उरलेला तासाभरात. वजन अंदाजाने धरल्याने इथे चुका होतात, काट्याची सोय असेल तर वापरा.

फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर औषध द्यायलाच हवं. प्रौढाला शिरेतून लोराझेपाम 4 मिलिग्रॅम. श्वास थांबेल या भीतीने 1-1 मिलिग्रॅम देत राहण्याची सवय वाईट: फिट चालूच राहते आणि श्वासाला खरा धोका तिचाच असतो.

जीबीएसमध्ये ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका. तो घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. व्हायटल कपॅसिटी, म्हणजे खोल श्वास घेऊन बाहेर सोडता येणारी जास्तीत जास्त हवा, ठरावीक अंतराने मोजा. किलोला 20 मिलिलिटरच्या खाली आली तर रुग्णाला आयसीयूत हलवा.

इमर्जन्सीचा थरार तरुणपणी ओढून घेतो, पण या नोकरीची बरीच वर्षं ओपीडीत जातात: तेच पार्किन्सन्सचे, एपिलेप्सीचे रुग्ण, वीस-वीस वर्षं. बरं न होणारं निदान सांगावं लागतं. मोटर न्यूरॉन आजाराबद्दल (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजत जाणारा आजार) कॉरिडॉरमध्ये उभ्याने बोलू नये. बसून, जवळच्या माणसासमोर, फोन बंद ठेवून बोलावं आणि थोड्याच दिवसांची पुढची तारीख देऊनच उठावं. पहिल्या भेटीत निदानाच्या नावापुढचं फारसं कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

निवृत्ती जवळ आली की या जुन्या रुग्णांचं हस्तांतर हेच मोठं काम उरतं. चालू औषधं नव्या डॉक्टरला चिठ्ठीवर दिसतातच. दिसत नाही ते बंद केलेलं: कोणतं औषध, किती डोसला, कशामुळे थांबवलं, पूर्वी डोस कमी केल्यावर फिट परत आली होती का, निदान पक्कं आहे की अजून संशयातच. हे शेवटच्या आठवड्यात फायली चाळून आठवत नाही. पहिल्या वर्षापासून प्रत्येक बदलाखाली एक ओळ लिहायची सवय लावा.