स्तन दगडासारखे घट्ट होऊन बाळ नीट धरत नव्हते: माझा अनुभव

बाळंतपणानंतर दूध उतरताच स्तन दगडासारखे घट्ट झाले, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग ताणून सपाट झाला आणि बाळ तोंड लावताच निसटू लागले. गरम शेकाने सूज वाढली, आणि पंपाचा जोर वाढवला तेव्हा ती स्तनाग्राकडेच ओढली जाऊन बाटलीत जेमतेम थेंब पडले. भुकेने रडणारे बाळ छातीशी असूनही पाजता येत नव्हते, याने जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी लागू पडला तो परिचारिकेने दाखवलेला उपाय. पाजण्याच्या अगदी आधी पाठीवर रेलावे, नखे कापलेल्या दोन्ही हातांची बोटे स्तनाग्राच्या मुळाशी गोलाकार टेकवावीत आणि छातीच्या दिशेने सरळ, दुखणार नाही इतपत, सलग 1 मिनिट दाबून धरावीत. मग बोटांची जागा बदलून पुन्हा तेवढाच वेळ दाबावे. चोळू मात्र नये. बोटांच्या जागी खळगे पडून तो भाग मऊ लागला, की हाताने थोडे दूध काढून बाळाला लगेच छातीला लावावे, कारण सूज थोड्याच वेळात परतते. प्रसूतीच्या वेळी सलाईन बरेच चढवले असेल, तर या सुजेत दुधाबरोबर पाणीही असते, आणि ते पंपाने निघत नाही. पाजून झाल्यावर गार पट्टी ठेवावी. ताप आला किंवा स्तनावर लाल चट्टा उमटला, तर थेट डॉक्टरांकडे जावे.