कळकलेली काडतुसं मशीनमध्ये घालू नका

आमची काजूची बागायत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या वरच्या अंगाला. रानडुकरं येतात म्हणून वडिलांपासून पीक संरक्षणाचा परवाना आणि बाराबोअरची बंदूक घरात आहे. गेल्या चवथीच्या आधी कपाट उघडलं, तर वडिलांच्या चामडी पट्ट्यात खोचून ठेवलेली अकरा काडतुसं बुडाशी हिरवी पडलेली. चामडं कमावताना त्यात मुरलेली रसायनं आणि वर आपला पावसाळा, पितळ कळकणारच. मिरग लागायच्या आधीच ती पट्ट्यातून काढायला हवी होती.

भाचा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असतो. तिथे धातूचे सुटे भाग भुशाबरोबर फिरत्या पिंपात घालून उजळतात. म्हणाला, "मामा, द्या माझ्याकडे, दोन तासांत सोन्यासारखी करून आणतो."

त्याला आधी कायदा सांगितला. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या माणसाला एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही, मग तो भाचा असो की सख्खा मुलगा.

पण कायदा बाजूला ठेवला तरी भरलेलं काडतूस पिंपात जाता कामा नये. आतली दारू म्हणजे बारीक चकत्या किंवा दाणे. मूळ पदार्थ नायट्रोसेल्युलोज. बऱ्याच प्रकारांत दाण्यावर जळण्याचा वेग आवरणारा लेप असतो, वर ग्राफाइटचा हात. दाणे एकमेकांवर घासून मोडले, लेप झिजला, तर तीच दारू झटकन जळते आणि नळीतला दाब वाढतो. परदेशात घरी काडतुसं भरणाऱ्या काहींनी रायफलची काडतुसं तासन्‌तास फिरवून पाहिली आणि फरक दिसला नाही असं सांगितलं. त्यांचं खोटं नसेल. पण त्यांना आपली दारू कुठली, किती, कधी भरली हे ठाऊक असतं. माझ्या पट्ट्यातली काडतुसं किती पावसाळे जुनी, हे मलाच सांगता येत नव्हतं.

बाराबोअरमध्ये दारू डट्ट्याखाली, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधल्या बोळ्याखाली, दाबलेली असते, तिला हलायला जागा कमी. इथे मला धास्ती वाटते ती काडतुसाच्या बुडाशी मधोमध बसवलेल्या टोपीची. टोपीतला मसाला ठोक्यानेच पेटतो, त्याचं कामच ते. चाळीस-पन्नास ग्रॅमची काडतुसं पिंपात एकमेकांवर आदळतात, तेव्हा एकाची पितळी कड दुसऱ्याच्या टोपीवर कधी बसेल ते कोण सांगणार? शिवाय तोंडाची घडी सैल होऊन भुसा आत जातो, छर्रे बाहेर येतात. पाण्यात फिरवायचं तर नावच काढू नका.

मी केलं ते असं. बंदूक कपाटात बंद. दिवसाउजेडी, चुलीपासून लांब, ओसरीवर जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला आणि एकेक काडतूस हातात घेऊन दुसऱ्या कोरड्या चिंधीने फक्त पितळ पुसलं. टोपीवर दाब द्यायचा नाही. हिरवं निघून खाली तपकिरी झाक राहिली तर राहू द्या, ती पितळाला राखते. समई उजळते म्हणून चिंच किंवा आमसूल लावू नका. आंबट पदार्थ पितळातलं जस्त खातो, मागे गुलाबी, कच्चं तांबं उरतं. गंज सोडवायचं फवाऱ्याचं तेलही नको, ते टोपीच्या कडेने आत झिरपून मसाला निकामी करतं.

अमोनिया असलेलं पॉलिश तर सर्वांत वाईट. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा ताणलेल्या पितळाला चिरा पाडते, हे १९२१ साली शास्त्रज्ञांनी उलगडलं. गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत काडतुसं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आमचं कपाट मी त्याच आठवड्यात माजघरात हलवलं.

पुसून झालं की निवड. पितळात खड्डा, चीर, टोपीभोवती हिरवी कड, फुगलेली कागदी नळी, सैल घडी, यातलं काहीही दिसलं की ते काडतूस बाद. नीट बसतं का हे घरात बंदुकीत घालून पाहू नका. ओल लागलेल्या काडतुसाचा बार फुसका गेला तर डट्टा नळीतच अडकू शकतो आणि पुढच्या बाराला नळी फाटते. घोडा पडून बार उडालाच नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. आवाज बारीक आला तर बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा, त्याशिवाय दुसरं काडतूस नको.

अकरांतली सात ठीक निघाली. ती आता रबरी कडेच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह आहेत. पट्टा खुंटीला रिकामा. उरलेली चार विहिरीत टाकणं, पुरणं, जाळणं, फोडून पाहणं, यातलं काही केलं नाही. पोलीस ठाण्यात आधी विचारून घेतलं, संख्या लिहून अर्ज दिला, काडतुसं जमा केली आणि पोच परवान्याच्या कागदांत लावली.